डोनर गाडी फोडण्याआधी

मागच्या अंकात घरी बांधायच्या किट कारबद्दल लिहिलं होतं. एखादी जुनी गाडी, म्हणजे डोनर, घ्यायची. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, चाकं काढायची आणि स्वतः बांधलेल्या सांगाड्यावर बसवायची, असं या छंदाचं स्वरूप. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतो. सगळ्यांना हवी तशी उत्तरं यात नाहीत, पण आयटीआयत मोटर मेकॅनिकचा शिल्प निदेशक म्हणून जे शिकवत आलो आणि निवृत्तीनंतर वसईच्या शेडमध्ये जुन्या विद्यार्थ्यांबरोबर जे करतो आहे, तेच लिहितो.

प्रश्न : वडिलांची २००४ ची ओम्नी सोसायटीच्या मागे उभी आहे. इंजिन उत्तम आहे. ब्रिटनमधल्या लोटस सेव्हनसारखी उघडी दोन आसनी गाडी तिच्यापासून बांधायची आणि बायकोला घेऊन अलिबागला जायचं, असं मनात आहे. ओम्नी डोनर म्हणून कशी? आणि आरटीओत पासिंग होईल का? — भांडुपहून एक वाचक

उत्तर : अलिबागचं आधी बोलू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ही गाडी तुम्हाला सार्वजनिक रस्त्यावर चालवता येणार नाही. पहाटे नाही, रविवारी नाही, सोसायटीच्या फाटकापासून पेट्रोल पंपापर्यंतही नाही.

तुम्ही पाहिलेली परंपरा तिथल्या कायद्यावर उभी आहे. लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली आणि सुट्या भागांत विकली गेली, कारण तयार गाडीवर तेव्हा ब्रिटनमध्ये खरेदी कर होता आणि सुट्या भागांवर तो लागत नव्हता. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. तिथे आजही घरी बांधलेली एकच गाडी तपासणीला नेता येते, निरीक्षक ब्रेक, दिवे, धारदार कडा, सीटबेल्टचे अँकर पाहतो आणि पास झाली की नंबर मिळतो.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. नव्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते उत्पादक देतो, आणि तुम्ही उत्पादक नाही. मग ओम्नीच्याच आरसीवर नवी गाडी फिरवावी, असा सल्ला तुम्हाला नाक्यावर कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचे मान्यताप्राप्त किट बसवता येतात, पण घरचा सांगाडा त्यात बसत नाही. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. मुलुंडच्या सिग्नलला एखाद्या आजोबांना धक्का लागला, तर त्यांच्या उपचारांचा आणि भरपाईचा पैसा कुठून येणार? गाडी बांधणाऱ्या माणसाने हा विचार सगळ्यांच्या आधी करावा.

तरीही बांधा. खाजगी जमीन असेल, नातेवाइकांची वाडी, फार्म, कारखान्याचं बंद आवार, तर तिथे चालवा. मोटरस्पोर्ट महासंघ, म्हणजे एफएमएससीआय, यांच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांत बसेल अशी हवी असेल तर त्यांची नियमावली आधी वाचा आणि मग पाइप कापा. गाडी नेताना टेम्पोत चढवून न्यायची. मुंबईत रेसचा ट्रॅक नाही, हे ध्यानात ठेवून जागा आधी पक्की करा.

आता ओम्नी. लोटस सेव्हनच्या मांडणीत इंजिन पुढे उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, मागे गिअरबॉक्स, ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांना ताकद. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, पण क्रम हाच असतो: ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, शाफ्ट, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला मागचा अ‍ॅक्सल. म्हणून पुढे इंजिन आणि मागे ताकद अशी हलकी गाडी करायची तर आपल्याकडे ओम्नी फार सोयीची डोनर आहे. अडचण स्टिअरिंगची. ओम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो, त्यामुळे स्टिअरिंगचा दांडा जवळजवळ उभा खाली उतरतो. तुम्ही बसणार चाकांच्या बऱ्याच मागे आणि जमिनीलगत. दांडा लांब आणि आडवा करावा लागेल, आणि तो दोन युनिव्हर्सल जॉइंट घालूनच करायचा. दांडा कापून मध्ये तुकडा वेल्डिंग करायचा नाही. स्टिअरिंगच्या कुठल्याच भागाला वेल्डिंगचा हात लावायचा नाही, आणि जॉइंटचे बोल्ट खाचेत नीट बसले आहेत का, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, खालच्या विद्यार्थ्यासाठीही. डोनरचा संच फोडू नका. पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), स्टिअरिंग रॅक आणि टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारे भाग), ब्रेकची मास्टर सिलिंडर, डिस्क, मागचे ड्रम हे एका गाडीसाठी कुणीतरी एकमेकांशी जुळवून बनवलेले असतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलात की मोह होतो: इथे जरा मोठी डिस्क मिळते, तिथे वेगळ्या गाडीचा रॅक स्वस्त मिळतो. रॅकची लांबी सस्पेन्शनच्या आर्मशी जुळली नाही तर चाक खड्ड्यात वरखाली झालं की गाडी आपोआप वळते. मास्टर सिलिंडर वेगळ्या मापाची घेतली की पेडल दगडासारखं लागतं किंवा फरशीपर्यंत जातं. कल्पकता सांगाड्यात, बॉडीत, बसण्याच्या जागेत दाखवा. वळणं आणि थांबणं डोनरच्या कारखान्याने केलं आहे तसंच ठेवा.

ओम्नी मोडण्याआधी कागद बघा. २००४ ची गाडी, म्हणजे १५ वर्षं केव्हाच झाली. नोंदणीचं नूतनीकरण केलंय का, पर्यावरण कर भरलाय का, आरसी कुणाच्या नावावर आहे, हे वडाळ्याच्या आरटीओत जाऊन निस्तरा आणि नोंदणी रद्द करण्याची पद्धत तिथेच लेखी विचारून घ्या. गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत कळवावं लागतं. चेसिस नंबरचा पत्रा कापून नव्या सांगाड्यावर लावायचा नाही, तो गुन्हा आहे. सोपा मार्ग हवा असेल तर ओम्नी रीतसर स्क्रॅप केंद्रात द्या आणि लागणारे भाग पावती घेऊन बाजारातून घ्या. इंजिन नंबर लिहिलेली पावती जपून ठेवा.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उल्हासनगरला मामांचं ग्रिलचं वर्कशॉप आहे, तिथे जागा मिळाली. डोनर मारुती ८०० आहे. इंजिन सीटच्या मागे टाकायचं आहे. मामा म्हणतात खिडक्यांच्या ग्रिलचा १८ गेजचा चौकोनी पाइप पुरेल, जाड घेतला तर वजन वाढेल. काय करू? — कल्याणहून एक विद्यार्थी

उत्तर : मामांचा हात वेल्डिंगला चांगला असणार, ते तुझं मोठं भाग्य आहे. पण पाइप सोळा गेजचा घे, २५ मिमी चौकोनी, साधारण १.६ मिमी जाडीचा. अठरा गेज १.२ मिमीच्या आसपास असतो. ग्रिलला तो पुरतो, कारण ग्रिल भिंतीत बसलेली असते, तिला चार चाकं वेगवेगळ्या दिशांना पिळत नाहीत. पातळ पाइपला जोडावर छिद्र पडतं ते वेगळंच. कळंबोलीच्या पोलाद बाजारात किंवा दारूखान्यात हवा तो माल मिळतो. फक्त काळा पाइप घे. जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, मामांना हे माहीत असेल.

वजन पाइपच्या जाडीने वाचत नाही, मांडणीने वाचतं. चार पट्ट्यांची चौकट नट-बोल्टने जोड आणि कोपऱ्यातून ढकल, ती लगेच तिरकी होते. एक कर्णरेषेची पट्टी टाक, हलणार नाही. प्रत्येक मोठ्या चौकटीत तिरका पाइप हवा, आणि सस्पेन्शनचा प्रत्येक जोड जिथे पाइप एकत्र येतात तिथे हवा, मध्येच लोंबता नको. उघड्या गाडीचा सगळ्यात कच्चा भाग बसण्याची पोकळी असते, कारण तिथे वर काहीच नसतं. त्यामुळे दाराची उंची मिळवण्याचा हट्ट सोड, बाजू खोल ठेव, पाय टाकून आत शिरायची सवय कर. पाइप विकत घेण्याआधी खराट्याच्या काड्यांचं एक दशांश मापाचं मॉडेल कर, फेव्हिकॉलने जोड, आणि दोन्ही टोकं धरून पीळ. कुठे कर्ण कमी आहे ते हाताला कळतं. कॉम्प्युटरवरचं विश्लेषण तुमच्या कॉलेजात शिकवतीलच, तेही कर, पण हे आधी कर.

वेल्डिंग करताना सगळा सांगाडा आधी फक्त टाके मारून उभा कर. सपाट टेबलावर. समोरासमोरचे कोपरे टेपने मोज, दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत पूर्ण वेल्डिंग करू नकोस. मग एक जोड डावीकडचा, एक उजवीकडचा, असं आलटून पालटून भर, नाहीतर उष्णतेने सांगाडा केळ्यासारखा वाकतो. डोक्यावरच्या रोल बारला चौकोनी पाइप अजिबात नको. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टचा जागतिक महासंघ, त्यांच्या नियमात मुख्य बार ४५ मिमी व्यासाचा आणि अडीच मिमी जाडीचा, सीमलेस पाइपचा लागतो. तेवढा घे. डोकं तुझं आहे.

आता इंजिन मागे टाकायचं. मारुती ८०० ची इंजिन-गिअरबॉक्सची जोडी आडवी असते आणि पुढच्या चाकांना फिरवते, म्हणून ती अख्खी उचलून मागे नेता येते. एस. करिवर्धन यांनी कोइमतूरला याच इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही एक आसनी रेसिंग गाडी उभी केली होती. नारायण कार्तिकेयन त्याच गाड्यांवर तयार झाला. म्हणजे तू जे करतोस त्याची वाट या देशात पूर्वीच मळलेली आहे. मागे नेताना जोडीचं तोंड बदलू नकोस. जागा बरी मिळते म्हणून कुणी ती अर्धी फिरवून बसवली, तर गाडीला पुढे जायला एकच गिअर उरतो आणि बाकीचे सगळे मागे नेतात. स्टिअरिंगचे जे आर्म मागच्या हबवर आले, ते आता वळायला नकोत. त्यांना मापात बसवता येतील असे दोन पक्के रॉड सांगाड्याशी जोड आणि चेक नट घट्ट कर. गिअरचा रॉड आता उलट्या बाजूने जाणार, त्याची मांडणी सांगाडा टाक्यांवर असतानाच करून बघ. रेडिएटर पुढे ठेवलास तर लांब पाण्याच्या पाइपमध्ये हवा अडकते. सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू दे, नाहीतर काट्यावर तापमान ठीक दिसेल आणि हेड गॅस्केट जाईल.

ब्रेककडे सर्वांत जास्त वेळ दे. ८०० च्या पुढच्या डिस्क आता मागे गेल्या. ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकांवर येतं, मग मागची चाकं आधी अडकली तर गाडी गोल फिरते. पुढेही डिस्क हव्यात, त्यासाठी दुसऱ्या ८०० चे पुढचे हब घे. म्हणजे संच तोच राहिला. मागच्या लायनीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घाल. दोन स्वतंत्र सर्किट हवेतच. पाइप फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा वापरू नकोस. थरथरीने तो कडक होतो आणि तडकतो. कारखान्यातला स्टीलचाच पाइप घे, टोकं डबल फ्लेअर करून घे. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. उघडा डबा वापरायचा नाही.

एक काम जरूर कर. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग आणि पवईच्या आयआयटीचा संघ, दोघेही विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधतात. ओळख काढून त्यांचा सांगाडा उघडा असताना बघायला जा. जोडांचे फोटो न काढता वहीत चित्रं काढ. चित्र काढताना पाइप कुठून कुठे जातो ते डोक्यात बसतं.

प्रश्न : सर, माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी गाडी उघडली आहे, तिथेच वेल्डिंग करतो आणि फायबरची बॉडी घरच्या गॅलरीत बनवायला घेतली आहे. कमिटीने नोटीस दिली. घरात वासाने डोकं दुखतं. तो ऐकत नाही, पण हे सोडून दे असं सांगायलाही मन होत नाही, कारण इतका रमलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. — चेंबूरहून एक आई

उत्तर : ताई, सोडून दे म्हणू नका. जागा बदल म्हणा. कमिटीचं बरोबर आहे, पार्किंगवर आजूबाजूला पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या गाड्या असतात आणि वर माणसं झोपलेली असतात. तिथे वेल्डिंगची ठिणगी नको. भांडुप, साकीनाका, वसई भागात महिन्याच्या भाड्याने छोटे गाळे मिळतात. दोन-तीन मित्रांनी मिळून घेतला तर परवडतो. गाळा मिळेपर्यंत काम बंद, एवढी अट घाला.

हे उत्तर त्याला वाचायला द्या, कारण पुढचं त्याच्यासाठी आहे. डोनरची पेट्रोलची टाकी सगळ्यात आधी काढ आणि कामाच्या जागेपासून लांब ठेव. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ भरलेली असते. तिला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावायचं नाही, धुतलेली असली तरी नाही. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लाव. पेव्हर ब्लॉक आणि विटांवर गाडी ठेवलेली मी फार वेळा बघतो. ते ब्लॉक आधी तडा दाखवत नाहीत, एकदम फुटतात. पावडरचा अग्निशामक हाताशी, आणि वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं.

फायबरबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. पॉलिएस्टर रेझिनमध्ये दोन गोष्टी मिसळतात. कोबाल्ट, आणि ज्याला दुकानदार हार्डनर म्हणतो ते एमईकेपी. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, त्यानंतर हार्डनर. हे दोन एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या मापाने. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बंद गॉगल घातल्याशिवाय झाकणही उघडायचं नाही. डोळ्यात गेलंच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. ताई, तुमचं डोकं दुखतं ते स्टायरिनच्या वाफेने. ती पेट घेणारी आहे आणि घरात, देव्हाऱ्यात निरांजन असताना, तिला जागा नाही. गॅलरीतला सगळा माल आजच बाहेर काढा.

शिवाय हे काम पावसाळ्यात करूच नये. दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो आणि महिन्याभराने थर सुटतात. दसऱ्यानंतर सुरू करून होळीपर्यंत बॉडी पुरी करावी. जून ते सप्टेंबर हा वायरिंगचा काळ. डोनरची वायरिंग अख्खी सोडवायची, प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहायचं, एकही वायर कापायची नाही. इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), चावी आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं यंत्र) तिन्ही त्याच गाडीचे ठेवायचे, नाहीतर इंजिन चालू होणार नाही. हे काम घरात, जमिनीवर चादर पसरून करता येतं. ते त्याला आजपासून करू द्या.

प्रश्न : गिरगावात आमच्या वाडीत आजोबांची १९५५ ची डुक्कर फियाट धूळ खात पडली आहे. तळ गंजला आहे. इंजिन फिरतं. हिच्यावर छान रोडस्टर होईल ना? — गिरगावहून एक वाचक

उत्तर : होईल, आणि तुम्ही ती करू नका. विनंती समजा.

मारुती ८०० लाखांनी बनल्या, एक मोडली तर दुसरी मिळेल. पुढची दारं उलटी उघडणारी ती फियाट आता मुंबईत शोधावी लागते. कायदाही तुमच्या बाजूने आहे. जुलै २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. रोजच्या वापराला ती नेता येत नाही, प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, चाचणी एवढ्यासाठी चालते. अट एकच, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. सांगाडा कापलात की हा हक्क कायमचा गेला.

तळ गंजला असेल तर घाबरू नका. त्या गाडीचा तळ म्हणजेच तिचा कणा, म्हणून तो काम जाणणाऱ्या पत्रेकाऱ्याकडूनच तुकड्या-तुकड्याने बदलून घ्या, आणि बदलताना दारांच्या चौकटीला आडवे आधार लावायला सांगा, नाहीतर बॉडी मध्ये खचते आणि दारं पुन्हा लागत नाहीत. सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या जुन्या दुकानांत विचारा. इंजिन सेल्फने फिरवू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हाताने फिरवून बघा. पेट्रोलची टाकी आणि पाइप साफ होईपर्यंत चालू करायचं नाही. आणि आरसी पुस्तक शोधा. आजोबांच्या कपाटात, एलआयसीच्या कागदांत, कुठेतरी असेल. ते सापडलं की मला पुन्हा लिहा.